शिमग्याला कूलर, खंडेनवमीला गिझर: कोल्हापूरच्या घरात गारवा आणि ऊब कशी सांभाळायची

एसी मेकॅनिकचा फोन कोल्हापुरात सगळ्यात जास्त वाजतो तो एप्रिलमध्ये, आणि गिझरवाल्याचा दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या आदल्या रात्री. हे दोन्ही फोन माझ्याकडेच येतात, कारण उद्यमनगरातल्या माझ्या दुकानात एसी, कूलर, गिझर, सोलर सगळंच दुरुस्तीला येतं. त्या गर्दीत मेकॅनिकला बसून नीट बघायला वेळ नसतो, पार्ट मिळत नाहीत, आणि घाईत नको ते बदललं जातं. म्हणून माझं पहिलं सांगणं वेळेबद्दल आहे. कूलर आणि एसी शिमग्याच्या सुमारास उघडा. गिझर खंडेनवमीला उघडा. त्या दिवशी घरातली हत्यारं, यंत्रं आपण पुसून पुजतोच, मग बाथरूममधलं यंत्र का राहावं?

दुसरं सांगणं कुठं हात घालायचा आणि कुठं थांबायचं याबद्दल. यंत्रात हवा किंवा पाणी अडलं असेल तर ते मोकळं करणं घरच्या माणसाला जमतं, आणि निम्म्याहून जास्त तक्रारी याच असतात. गॅस, करंट आणि धूर ही तिन्ही मात्र माणूस मारू शकतात. तिथं जाणकार माणूस बोलवा आणि त्याच्या शेजारी उभं राहून काम करून घ्या.

यंत्राच्या आधी छत

वरच्या मजल्यावरची माणसं मला सांगतात, "मिस्त्री, दीड टनाचा एसी आहे, तरी खोली गार होईना." मी आधी जिना चढून गच्चीवर जातो. काळी पडलेली स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहते. बाहेर घाटाकडून वारा सुटलेला असतो आणि आत भिंतीला हात लावला तरी गरम. हा एसीचा दोष नव्हे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्ची घासून धुवा, भेगा बुजवा, पूर्ण वाळू द्या आणि पांढरा थर द्या. चुना स्वस्त पडतो, पण आपल्याकडच्या पावसात एका पावसाळ्यातच बराचसा धुऊन जातो. छतासाठीचा पांढरा ऊन परतवणारा रंग महाग असतो, पण काही वर्षं टिकतो. दरवर्षी उन्हाळ्याआधी तो एकदा धुवा, कारण काळवंडलेला पांढरा रंग ऊन परतवत नाही. शहराच्या कडेला, उसाच्या फडांजवळ राहणाऱ्यांना हे जास्त लागू. पाचट पेटवल्यावर उडणारी काजळी आधी गच्चीवरच बसते.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावून फारसं साधत नाही. काच ओलांडून ऊन आत आलं की उष्णता आतच राहते. बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी नेट लावा. आणि रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा. कोल्हापूरच्या उन्हाळ्यातही बऱ्याच रात्री गार होतात, आणि तो वारा फुकट आहे.

पंखा हळू फिरतोय म्हणून नवा आणू नका. बहुतेक वेळा आतला कपॅसिटर गेलेला असतो, छताच्या पंख्याला साधारण अडीच एमएफडीचा (हे कपॅसिटरचं माप) लागतो, आणि तो अगदी स्वस्त भाग आहे. पंखा बदलायचाच असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा घ्या. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा ३० ते ३५. दिवसाला बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागं महिन्याला पंधरा-सोळा युनिट वाचतात.

कूलर: वळीव पडेपर्यंत

कूलर कोल्हापुरात चालतो की नाही, यावर गल्लीत वाद होतात. मार्च आणि एप्रिलची दुपार इथं कोरडी असते, आणि कोरड्या हवेत कूलर फार चांगलं काम करतो. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, एवढंच त्याचं शास्त्र. पहिला वळीव पडला की हवा दमट होते, पाणी उडायचं थांबतं आणि खोलीत नुसता चिकचिकाट होतो. त्या दिवसापासून पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवा. कूलर चालू असताना खिडकी उघडी हवी. दारंखिडक्या लावून कूलर लावणारी माणसं स्वतःची खोली स्वतःच दमट करतात.

माळ्यावरून कूलर काढला की आधी टाकी घासा. मोटरच्या तळाशी जाळी असते, ती काढून धुवा. वरून पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं टाचणीनं मोकळी करा, नाहीतर एक बाजू कोरडी राहते आणि तिकडून गरम हवाच आत येते. गवताच्या जाळ्या दरवर्षी बदला. मधाच्या पोळ्यासारखे जाड पॅड असतील तर पाण्यात लिंबूसत्व घालून त्यात भिजवा आणि हवा येते त्याच्या उलट दिशेनं पाणी सोडून धुवा. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या पॅडवर पांढरा खार धरतो. तो कडक झाला की पॅड कामाचा राहत नाही.

आता करंटचं. लोखंडी बॉडीचा कूलर, ओली फरशी आणि दोन पिनांचा प्लग, हे तिन्ही एकत्र आले की जीव जातो. तीन पिनांचाच प्लग लावा आणि तिसऱ्या पिनेला खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवरची वायरिंग अजून दिसते. तिथं सॉकेटला तिसरं भोक असतं आणि त्यामागं वायरच नसते. पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढायचा, हे घरातल्या लहान पोरालासुद्धा शिकवा.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी पुसा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि त्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं वरून पाणी ओतत राहिलात तर अळ्या तळाशी सुखानं वाढतात.

एसी: "गॅस भरायला या की"

माझ्याकडं येणाऱ्या दहा फोनमधले बरेचसे याच वाक्यानं सुरू होतात. "ओ मिस्त्री, गॅस संपलाय, भरायला या की." मी विचारतो, "काकू, जाळी कधी धुतली होती?" बऱ्याचदा पलीकडं शांतता असते.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. दरवर्षी "टॉप अप" करून घेणं म्हणजे दरवर्षी तेच भोक जपणं. म्हणून गॅसचं नाव काढण्याआधी ही कामं घरी करा.

पुढचं झाकण उघडून दोन्ही जाळ्या काढा, नळाखाली साध्या पाण्यानं उलट बाजूनं धुवा, सावलीत वाळवा आणि बसवा. उन्हात वाळवल्या तर प्लॅस्टिक वाकडं होतं. हंगामात हे दर पंधरा दिवसांनी करा. जाळी बुजली की हवा कमी वाहते, आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, आणि माणसाला वाटतं की गॅस संपला. बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालवा, वितळू द्या. जाळी स्वच्छ करूनही पुन्हा बर्फ आला तरच गॅस किंवा पंख्याची शंका घ्या.

आतून पाणी टपकत असेल तर पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असते. तिच्यात शेवाळासारखी बुळबुळीत घाण साठते. नळीचं बाहेरचं तोंड शोधा, तिथून ओढून साफ करा, आणि नळी कुठं वर उचललेली किंवा बादलीत बुडालेली नाही ना ते बघा. तिला शेवटपर्यंत उतार हवा.

बाहेरच्या युनिटचा एमसीबी, म्हणजे त्याच्या लाइनचं सुरक्षा बटण, पाडून कॉइलच्या पातळ पत्र्याच्या पंखांवरची धूळ मऊ ब्रशनं आणि हलक्या धारेनं काढा. जोराची धार मारू नका, पातळ पंख वाकतात. त्या युनिटभोवती कुंड्या, जुनी सायकल, सरपण रचू नका. त्याला गरम हवा बाहेर फेकायला जागा लागते. सावली चांगली, पण चारी बाजूंनी बंद पिंजरा वाईट. झाकण उघडून आत हात घालू नका. वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो. बाहेरचा पंखा किंवा कॉम्प्रेसर नुसता घूं घूं करतोय आणि फिरत नाही, ही बहुधा त्याच कपॅसिटरची तक्रार असते, पण तो बदलायचं काम मेकॅनिकचं.

आणि खरंच गॅस कमी असेल तर? मेकॅनिकला चार गोष्टी करायला लावा. आधी गळती शोधा, बहुतेक वेळा ती पितळी नटांच्या जोडांवर असते आणि साबणाच्या फेसानं दिसते. जोड दुरुस्त झाल्यावर नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघा. मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढा. शेवटी बाहेरच्या युनिटच्या पाटीवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरा. "अंदाजानं मारतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. पाटीवर आर-३२ असेल तर आर-३२च, आर-४१०ए असेल तर तोच. जुन्या आर-२२च्या मशीनमध्ये आर-३२ भरून देणारे आहेत, ते धोक्याचं आहे. त्याचा दाब जास्त असतो, जुनं तेल त्याला चालत नाही, आणि आर-३२ थोडा ज्वलनशीलही आहे. आर-२९० तर प्रोपेन आहे, म्हणजे सरळ पेटणारा. काम चालू असताना आसपास विडी-सिगारेट, देवाचा दिवा काही नको.

थर्मोस्टॅट १८ वर ठेवून खोली लवकर गार होत नाही, मशीन फक्त जास्त वेळ धावत राहतं. २०२० पासून स्टार लेबलच्या खोलीच्या एसींना कारखान्यातूनच २४ अंशांची सुरुवात ठरवून दिलेली आहे. स्टार लेबल देणाऱ्या बीईई या सरकारी संस्थेच्या हिशेबानं तापमान एक अंश वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २५-२६ वर एसी आणि हळू पंखा, कोल्हापूरच्या रात्रीला एवढं पुरतं.

वळीवाच्या विजा कडाडायला लागल्या की एसीचा एमसीबी पाडा. रिमोटनं बंद केलेला एसी विजेला जोडलेलाच असतो, आणि इन्व्हर्टर एसीतली सर्किटची पाटी ही सगळ्यात महाग दुरुस्ती. त्या पाटीवर पाली आणि मुंग्याही जातात, म्हणून नळ्या भिंतीतून जातात तिथलं भोक पुट्टीनं बंद करून घ्या.

पुराच्या भागात राहणाऱ्यांसाठी

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा, नागाळा पार्क, रमणमळा या भागांत घरंच्या घरं पाण्यात होती. तुमचं घर अशा ठिकाणी असेल तर बाहेरचं युनिट जमिनीवर ठेवूच नका, पहिल्या मजल्याच्या भिंतीवर ब्रॅकेटवर चढवा. नळी लांबली तर थोडा खर्च वाढेल, पण मशीन वाचेल. एसी, गिझर आणि पाण्याची मोटर यांचे एमसीबीही वरच्या मजल्यावरून पाडता येतील असे घ्या.

पुराचं पाणी लागलेलं यंत्र, मग एसी असो, गिझर असो की कूलर, "बघू तरी चालतंय का" म्हणून चालू करायचं नाही. ओल्या मोटरला करंट दिला की जी दुरुस्त झाली असती ती जळते, आणि बॉडीला करंट उतरला तर हात लावणारा जातो. गाळ स्वच्छ पाण्यानं धुऊन काढा, उघडून नीट वाळू द्या, आणि मेकॅनिकनं मेगर (करंट बॉडीला उतरतो का ते मोजायचं यंत्र) लावून इन्सुलेशन मोजल्यावरच वीज द्या. गाळ आतच वाळला तर पत्रा आणि जोड आतून खातो, म्हणून धुण्यात दिरंगाई नको.

गिझर

आधी हिशेब सांगतो. १५ लिटर पाणी २२ अंशांवरून ५५ वर न्यायला ०.५८ युनिट वीज लागते. २,००० वॅटचा गिझर हे काम सतरा-अठरा मिनिटांत करतो. तुमच्या गिझरला पाऊण तास लागत असेल तर एलिमेंटवर खार चढलाय. नदीचं पाणी वापरणाऱ्या घरांत हे उशिरा होतं. बोअरच्या पाण्यावरच्या अपार्टमेंटमध्ये खार इतका साठतो की टाकी उघडली की तळाशी पांढरे खडे निघतात. तापवताना आतून कडकड, टकटक असा आवाज येतो, तो याचाच.

अशा घरांनी वर्षातून एकदा टाकी उघडून एलिमेंट साफ करून घ्यावा आणि मॅग्नेशियमचा दांडा बघावा. हा दांडा टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजतो, तेच त्याचं काम. तो संपला की टाकी गंजायला लागते, आणि फुटलेली टाकी दुरुस्त होत नाही. सर्व्हिसला आलेल्या माणसाला "दांडा दाखवा" एवढं म्हणा. टाकी जुनी आणि दांडा बारीक वायरीएवढा उरला असेल तर लगेच बदलून घ्या.

थंड पाण्याच्या नळीवर एक छोटा वॉल्व असतो. पाणी तापलं की फुगतं, आणि तापवताना त्यातून चार थेंब येतात. ते बरोबर आहे. ते टपकणं बंद करायला लोक त्याच्या तोंडाला एम-सील लावतात, बूच मारतात. कृपा करून हे कोणीही करू नका. थर्मोस्टॅट बिघडला तर वाढलेला दाब बाहेर जायला तीच वाट असते. ती बंद केलेली टाकी फुटू शकते. सतत धार लागत असेल तर वॉल्व बदला, किंवा इमारतीत प्रेशर पंप बसवलाय का ते विचारा. पंप असेल तर गिझर ८ बार दाब सोसणारा हवा.

नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर त्या क्षणी बटण बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत कोणालाही आत जाऊ देऊ नका. एलिमेंटला चीर पडलेली असते आणि करंट पाण्यात उतरलेला असतो. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, असेल तर तो आधीच पडतो. तो वारंवार पडतोय म्हणून काढून टाकायला सांगणारा वायरमन पुन्हा घरात घेऊ नका. गिझरला स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. २,००० वॅटला तांब्याची अडीच एमएमची वायर चालते, ३,००० वॅटला आणि दीड टनाच्या एसीला मी चार एमएमचीच ओढतो.

गॅस गिझर बाथरूमच्या आत लावू नका. तो बंद जागेत जळायला लागला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. आत आंघोळ करणारा नुसता गुंगतो आणि पडतो. गिझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर आणि फक्त गरम पाण्याची नळी आत, ही एकच रीत बरोबर.

हाच धोका शेगडीचा. बाळंतिणीला शेक देताना बाजेखाली निखारे ठेवायची चाल आपल्याकडं अजून आहे, आणि वारा लागू नये म्हणून त्या खोलीच्या फटीसुद्धा बुजवतात. धूर दिसत नसला तरी लाल निखाऱ्यातून तोच वायू येतो, आणि खोलीत इवलंसं बाळ असतं. निखारे असेपर्यंत खिडकी वीतभर उघडी ठेवा आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर न्या. आजी रागावल्या तरी यात माघार घेऊ नका.

बंब असलेल्यांनी तो मोडीत घालू नये. आमच्याकडं अजून तांब्याचे बंब डाख लावायला येतात, आणि शेणी, करवंट्या, चिपाडं यांवर तापलेलं पाणी अख्ख्या घराला पुरतं. पाणी भरल्याशिवाय कधी पेटवू नका, कोरडा तापला की जोडांचा डाख वितळून गळती लागते. मधल्या नळकांड्यातली काजळी अधूनमधून खरवडा. बंब अंगणात किंवा मागच्या पडवीतच पेटवा.

पाणी तापवणाऱ्या सोलरच्या काचेच्या ट्यूबांबद्दल एवढं लक्षात ठेवा. टाकी रिकामी राहून ट्यूबा उन्हात कोरड्या तापल्या असतील, तर दुपारी पाणी सोडू नका, काच तडकते. उजाडायच्या आधी भरा. टाकीवरची हवेची नळी मोकळी ठेवा, ती तुंबली तर पाणी उपसताना टाकी आत चेपते. पॅनेलचं तोंड दक्षिणेला असतंच, पण शेजारी नवी इमारत उठली तर हिवाळ्यात तिची सावली पडते का ते बघा, कारण त्या दिवसांत सूर्य खाली उतरलेला असतो. पावसाळ्यात आपल्याकडं सोलरवर भरवसा नाही, टाकीत विजेची कॉइल बसवून घ्या.

नवं घ्यायचं असेल तर

दुकानदार पाच स्टारचाच एसी दाखवतो. लेबलवरचा वार्षिक युनिटचा आकडा बघा, तो १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. तुम्ही तीन महिने रोज आठ तास लावला तरी ७२० तास होतात, म्हणजे निम्म्याहून कमी. समजा तीन स्टारच्या लेबलवर १,००० आणि पाच स्टारच्या लेबलवर ७६० युनिट आहेत, तर तुमच्या वापरात वर्षाला साधारण १०८ युनिटांचा फरक पडेल. आपल्या वीजबिलातल्या दरानं गुणा आणि किमतीतला फरक किती वर्षांत फिटतो ते कागदावर मांडा. फक्त एप्रिल-मेच्या रात्री एसी लावणाऱ्या कोल्हापूरच्या घराला मी तीन स्टारचा इन्व्हर्टर घ्यायला सांगतो, आणि उरलेल्या पैशात गच्ची पांढरी करायला. दवाखाना असेल, घरून काम चालत असेल, दिवसभर मशीन लागत असेल तर पाच स्टार घ्या.

शंभर-एकशेवीस चौरस फुटांच्या खोलीला १ टन पुरतो. डोक्यावर थेट स्लॅब असेल तर दीड. कॉइल तांब्याची घ्या, जोड दुरुस्त करायला सोपे जातात. बसवायला आलेल्या माणसाला आधीच विचारा, "व्हॅक्यूम पंप आणलाय का?" आणला नसेल तर त्याला तो घेऊन यायला सांगा, आणि तो येईपर्यंत नट आवळू देऊ नका.